हलकी म्हैस उडत नाही

"आज्जे, मला टांगू नगं!" साहिलने दाराच्या चौकटीला मिठी मारली आणि असा भोंगा लावला, की कासारसाईच्या धरणावरचे बगळे उडाले म्हणतात. मोजायला मी गेलो नव्हतो.

"टांगतीया कशाला? मी काय खाटीक हाय?" रंभाबाई म्हणाली.

घोटावड्याच्या अलीकडच्या वस्तीतल्या अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. आढ्याच्या हुकाला तबकडीचा काटा, त्याखाली कापडाची झोळी. पोर झोळीत बसवायचं, काटा थांबला की आकडा सांगायचा, तो सेविकेने, साधनाने, मोबाइलवर भरायचा. रंभाबाई मदतनीस. म्हणजे खिचडी शिजवणं, पोरं घरून गोळा करून आणणं, नाकं पुसणं. गोष्ट सांगणं हे सेविकेचं काम. पण साधनाचा अर्धा दिवस मोबाइलमध्ये जाई, आणि रिकामी पोरं एकमेकांना चावत. म्हणून बावीस वर्षं शेगडीवर एक डोळा ठेवून रंभाबाई तेच एक चित्रांचं पुस्तक दाखवत आली होती. ठमी म्हशीची घंटा हरवते. ती कोंबडीला विचारते, शेळीला विचारते, बेडकाला विचारते; शेवटच्या पानावर घंटा तिच्याच गळ्यात. आता कंपनीत कामाला जाणारे बाप्येसुद्धा याच म्हशीवर वाढलेले.

हल्लीची पोरं मात्र ऐकेनात. मोबाइलमध्ये त्यांनी उडणारी माणसं पाहिलेली, विजारीवरून चड्डी घातलेली. "ही म्हस उडत न्हाई? मग कसली म्हस!" असं साहिलने आदल्याच दिवशी सुनावलं होतं. रंभाबाईला ते लागलं होतं.

"साहिल्या, घंटा गावल्यावर ठमीचं काय झालं, ठावं हाय?"

भोंगा थांबला. "काय?"

"घंटेत ताकद व्हती. ठमीनं गळ्यात टॉवेल बांधला, आन् सुंईऽऽ! खाली हिंजवडीला समद्या गाड्या अडाकल्याल्या. तिनं कंपनीची बस शिंगावर उचलली आन् गेटात नेऊन ठिवली. माणसं येळेवर आल्याली बघून सायबानं घाबरून पोलीस बोलावलं."

"मग?"

"मग आला टँकरासूर. सोंड धरणात, गटागटा पाणी पितुया. ठमी वरनं त्याच्यावर आली."

"मारलं?"

"मारायला कशाला लागतंय? म्हस हाय ती. नुसती बसली."

साहिलने चौकट सोडली. "उडली कशी पण?"

"ह्याच झोळीतनं. काटा फिरला का उडाली. जेवढी वजनदार म्हस, तेवढी लांब जाती."

साहिल मुकाट झोळीत बसला. मागे रांग लागली. साधनाने मोबाइलमधून मान वर केली. "मावशी, हे पुस्तकात आहे?"

"मागल्या पानावर व्हतं. फाटलं ते."

पुढच्या महिन्यात कुणाला बोलवावं लागलं नाही. थंडी पडली होती. स्वेटरवर टॉवेल बांधून सगळी पोरं उजाडताच दारात. आणि वजनं वाढलेली! कुणाचं अर्धा किलो, कुणाचं किलो, साहिलचं दोन. साडेतीन वर्षांची गौतमी आठ महिने कमी वजनाच्या यादीत होती. तीसुद्धा बारा किलो भरली. नाव यादीतून निघालं. यादीतल्या पोरांना अंडीवाले हाफीजभाई रोज एक जादा अंडं फुकट देत, तेही थांबलं.

त्याच दिवशी पौडहून सुपरवायझर बाई आल्या आणि आकडे बघून उभ्याच राहिल्या. पुढच्या बैठकीत साधनाने सगळ्या तालुक्यापुढे बोलायचं, असं सांगून गेल्या.

त्याच दुपारी रंभाबाई गौतमीला कडेवर घेऊन घरी सोडायला निघाली. पोरीची आई शेजारच्या बांधकामावर कामाला. चालताना रंभाबाईच्या बरगडीला काहीतरी टोचलं. स्वेटरच्या खिशात हात घातला, तर आत नऊ खडे.

"हे काय गं?"

"खडी."

"ती दिसतीया मला. कशापायी?"

"हलकी म्हस उडत न्हाई ना, आज्जे."

रंभाबाईने खडे पदरात बांधले आणि परत फिरली. साधना कुलूप लावत होती. रंभाबाईने दार उघडायला लावलं आणि पोरीला झोळीत ठेवलं. काटा सव्वाअकराच्याही अलीकडे थांबला. मागच्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम खाली.

साधनाने काटा पुन्हा एकदा वाचला. "मावशी, आकडे वर ऑफिसला गेलेत. बाईंनी माझं नाव घेतलंय."

"व्हय. आन् हिचं अंडं गेलंय."

"पुढच्या महिन्यात बघू ना."

"पुढल्या महिन्यात ही आणखी दोन खडं घालंल."

"सांगितलं तर तुमचंच नाव येईल. गोष्ट तुमची."

"माझीच हाय. मग कुणाचं यावं?"

साधनाने किल्ली टेबलावर ठेवली. मग सुपरवायझर बाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी स्वेटर काढून, खिसे उलटे करून सगळी पोरं पुन्हा तोलली. दाराशी खडीचा जो ढीग पडला, त्यात एका खोलीचा पाया भरला असता. मी कमीच सांगतोय. सुपरवायझर बाई ओरडल्या नाहीत. गौतमीचं नाव त्यांनी स्वतः यादीत चढवलं, आणि मदतनीस यापुढे गोष्टी सांगणार नाही असं लेखी घेतलं. रंभाबाईने नाव आणि आडनाव लिहून सही केली. तिला तेवढंच लिहिता येतं.

आता गोष्ट साधना सांगते. मोबाइल बाजूला ठेवून, पुस्तकात आहे तशी. आतून आवाज येतो, "आणि घंटा कुठे होती? गळ्यातच!" कुणी हसत नाही.

काल गौतमी उठून शेगडीपाशी आली. रंभाबाई अंडी सोलत होती.

"आज्जे, ठमी आता काय करतीया?"

"आत जा. बाई सांगत्यात."

"त्या उडवत न्हाईत."

रंभाबाईने एक अंडं तिच्या हातात दिलं. दुसरं गरम होतं, ते या तळव्यातून त्या तळव्यात फिरवून निववलं आणि तेही दिलं. गौतमी तिथेच फतकल मारून बसली आणि पुढचं ऐकायची वाट बघू लागली. वाट बघता बघता तिने पहिलं अंडं खाल्लं, मग दुसरं. रंभाबाई टरफलं वेचत राहिली, पोरीचा शेवटचा घास होईपर्यंत, एक शब्द न बोलता.