हद्दीवर बसलेली चांदवी

बाबांनी गुरं आणली त्या दिवशी पहाऱ्यावर मीच होते.

नऊ वर्षांपूर्वी आम्हा मसाई लोकांच्या बैठकीत बाबाच सगळ्यांत आधी बोलायला उठले होते. डोंगरापासून नदीपर्यंतचं रान जनावरांना सोडू या, घरं उठवू, गुरं बाहेर चारू, असं म्हणाले. लोकांनी ऐकलं. हद्दीवर पांढरे दगड बसले. कधीचे गेलेले हत्ती परत आले. मला रानरक्षकाची नोकरी लागली.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. बाहेर नुसती धूळ उडायची. आत गुडघाभर वाळकं गवत उभं होतं.

सत्तर गाईंपैकी बाबांच्या एकोणीस उरल्या होत्या.

"इकडे कशाला आलात बाबा?"

"मी कुठं आलो? गुरं आली, मी त्यांच्या मागून आलो."

पहाऱ्यावरचा माझा जोडीदार किसेमेई हसला.

"आठ दिवस चारू दे, रेसियातो. कडेकडेनं. नदीकडे फिरकणारसुद्धा नाही."

मी वायरलेसवर साहेबांना विचारलं. "बापाला सोडलंस तर उद्या अडवशील कुणाला? टेकडीमागं दोन हजार गुरं थांबलीत," ते म्हणाले. "समितीला विचार." रानाचा कारभार बघणाऱ्या त्या समितीत सगळे बाबांच्याच वयाचे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या लेमोइतांना फोन लावला. "पोरी, काल माझीच गुरं परत धाडलीस ना? आता मी काय सांगू?"

गुरं आत सोडता येणार नाहीत, असं मी बाबांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आत हत्ती किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"पिल्लं?"

"सहा."

"जगतायत?"

"जगतायत."

"मग बरं आहे." हे ते मनापासून म्हणाले, आणि तेच मला सोसवेना.

त्यांनी गुरं वळवली. तेवढ्यात कपाळावर चांदवा असलेली म्हातारी गाय दगडांपाशीच बसली. आम्ही तिघांनी शेपटी-शिंगं धरून तिला उचलायचा प्रयत्न केला. तिच्या पायांत जोरच उरला नव्हता. पन्नास पावलांवर झेब्रे चरत होते.

मी कंबरेचा सुरा काढला, आत गेले आणि गवत कापायला लागले.

"अगं, नियम?" किसेमेई म्हणाला.

"तिकडं तोंड कर."

त्यानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं तोही माझ्याशेजारी कापत होता.

पण गवताचा वास लागताच बाकीच्या अठरा गाई माघारी पळत आल्या. सरळ आत घुसायला लागल्या. त्यांना काठीनं हाणून बाहेर काढलं ते बाबांनीच. आयुष्यात त्यांनी गाईला असं मारलेलं मी पाहिलं नव्हतं.

चांदवीनं गवत तोंडात धरलं. चावलं नाही.

"उन्हं कलायच्या आत मला पाण्यापर्यंत पोचायला हवं," बाबा म्हणाले. "तू हिच्याजवळ बस. तरस जीव जायचीसुद्धा वाट बघत नाहीत."

ते उत्तरेकडे निघून गेले. मी बसून राहिले, तिच्या मानेवर हात ठेवून. बंदूक होती, वायरलेस होता, मागं सगळं रान होतं. संध्याकाळी ती गेली.

पाऊस पुढच्या महिन्यात आला. तोवर बाबांकडे चारच गाई राहिल्या होत्या.