अधिक वीस

आमच्या सोसायटीत पाण्याबद्दल तोंड उघडलं की अध्यक्ष आप्पासाहेबांचं एकच उत्तर: "फार्मुला हाय तो. कम्प्युटर काढतो, आपण नाय." ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ऑफिसात दिवसभर हेच तक्ते करते मी. कम्प्युटर आपणहून काय काढतो, मला विचारा!

आठवड्यातून एकदा टाकी भरते आणि पाणी गल्लीवार सोडतात. घरामागं दोन मिनिटं. घरं साठ, टाकी पुरते एकशे वीस मिनिटं, म्हणजे कुणी कोरडं राहायला नको. पण आमची तिसरी गल्ली, सगळ्यात शेवटी. पंचवीस घरं, कागदावर पन्नास मिनिटं, आणि तिसाव्या मिनिटालाच नळ फुसफुसायचा. माझ्या सासूबाई लीलाबाई अर्ध्या ड्रमापाशी उभ्या राहून टाकीला शिव्या घालायच्या. टाकीचा काय दोष? आप्पासाहेबांच्या पहिल्या गल्लीत पंधराच घरं, तरी त्यांनाही पन्नास मिनिटं!

ग्रुपवर तक्त्याचा फोटो यायचा, त्यात नुसते आकडे. म्हणून रविवारच्या मीटिंगला मी हॉलमधल्या टीव्हीवर मूळ फाईलच उघडायला लावली. आप्पासाहेबांचा मुलगा सुदर्शन कुरकुरत लॅपटॉप घेऊन बसला. त्यांच्या पन्नासवर मी स्वतः डबल क्लिक केलं. आतला फॉर्म्युला सगळ्यांसमोर उघडा पडला: =B2*2+20.

"घरं गुणिले दोन, बरोबर. पण हे अधिक वीस? हे कम्प्युटरनं काढलेलं नाही, बोटानं टाकलंय. कुणाचं बोट?"

"चढ हाय आमच्याकडं," आप्पासाहेब म्हणाले. "पाणी चढायला टाइम लागतो."

"टाकी तुमच्या दारात आहे! चढ कसला डोंबलाचा?"

हॉल हसला. मला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात दुसऱ्या गल्लीतले, गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले बन्सीकाका उठले. "लई भारी काम केलंस, पोरी. आता आमच्याबी रकान्यात अधिक वीस टाक."

वर टाळ्या! सासूबाईंनी मला कोपर मारलं. "आपल्यालाबी टाक की. हात तुझाच हाय तिथं."

आता मात्र मला सगळ्यांचाच राग आला. "टाका ना, दोनशे टाका! टाकीत तांब्याभर तरी पाणी वाढतं का? कुणाचं तरी कापलंच जातं. आजवर आमचं कापलं गेलं."

"मग करायचं काय?" सुदर्शननं विचारलं.

"राहू दे तुमचे वीस. काकांना वीस टाकते, आम्हालाही टाकते. फक्त पाणी आता आमच्याकडून सोडायचं. आधी तिसरी गल्ली, मग दुसरी, शेवटी तुमची. आमची सत्तर मिनिटं, काकांची साठ. टाकी त्यातच संपते. कबूल असेल त्यांनी हात वर करा."

दोन्ही गल्ल्यांचे हात झरझर वर गेले. आप्पासाहेबांनी एकदा हातांकडं पाहिलं, एकदा टीव्हीकडं.

"सुदर्शन, काढ ते वीस. कुणालाच नको."

"पण पप्पा, फॉर्म्युला..."

"खड्ड्यात गेला फार्मुला! काढ म्हणतो ना!"

त्यानं वीस पुसले. पन्नासचे तीस झाले.

"काढले ते बरं केलं," लीलाबाई म्हणाल्या. त्यांचा हात अजून वरच होता. "पण पाणी आमच्याकडूनच सोडायचं. तुमचं बोट पुन्हा कधी घसरंल, भरवसा नाय."