दुधनापूरचा मार्का

दुधनापूर नगरपालिकेच्या बोधचिन्ह-स्पर्धेला त्रेचाळीस चित्रं आली होती. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारपर्यंत त्यांतली चाळीस बाद झाली होती, आणि उरलेल्या तीन चित्रांसमोर आडत व्यापारी पुखराजशेठ चष्मा पुसत उभे होते.

पालिकेच्या शाळेतल्या लांब खोलीत चित्रं सुतळीला टांगली होती. स्पर्धेचा चिटणीस मच्छिंद्र कदम हातात हरकतींची वही घेऊन शेठजींच्या मागे-मागे चालत होता. तो याच शाळेत विज्ञान शिकवायचा.

"हा सूर्य माझा," पुखराजशेठ म्हणाले.

"शेठजी, तुमच्या सूर्याला नऊ किरणं आहेत. याला सात आहेत. मी मोजली."

"तुम्ही मोजली. हमाल मोजतो का?"

मच्छिंद्रनं पेन्सिल काढली. त्यानं वहीत लिहिलं : चित्र क्रमांक एकोणतीस, सूर्य, हरकत मान्य.

चूक त्याचीच होती. निजामाच्या अमलातला उर्दू शिक्का कचेरीत १९५८ सालीही चालत होता. औरंगाबादहून पत्र आलं, की तीस एप्रिलपर्यंत गावाचं नवं चिन्ह कळवा, नाहीतर नुसत्या अक्षरांचा शिक्का पाठवू. नगराध्यक्ष किशनलालजींना गावाचं स्वतःचं चिन्ह पाहिजे होतं. त्यांनी मच्छिंद्रला बोलावून सांगितलं, "स्पर्धा घ्या. तुम्ही बी.एस्सी., सगळं नियमानं बराबर कराल. चिन्ह मंजूर होऊन गेलं, की एक तारखेला तुमची नोकरी पक्की." चिन्ह गेलं नाही तर काय, हे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. मच्छिंद्रची हंगामी नेमणूक तीस एप्रिललाच संपत होती. तो गेला, की एक तराजू, चौदा परीक्षानळ्या आणि मॅट्रिकची नऊ पोरं यांना गावात वाली नव्हता. त्याला स्वतःला आपल्या गावी, वडीगोद्रीला परत जाऊन, एवढं शिकून काय केलंस, या चुलत्यांच्या प्रश्नाला रोज उत्तर द्यावं लागलं असतं.

म्हणून त्यानं नियम फार विचार करून लिहिले. चौथा नियम त्याला सगळ्यांत आवडला होता. चिन्ह गावातल्या कोणत्याही मार्क्यासारखं असू नये. असल्यास मार्क्याच्या मालकानं लेखी हरकत द्यावी. मूलद्रव्याला एकच खूण असते, दोघांना एक खूण दिली तर घोटाळा होतो, इतका सरळ तो विचार होता. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारातल्या, प्रत्येक दुकानाचा पोत्यावर मारायचा मार्का असतो, हे त्याला माहीत होतं. पण साठ वर्षांत व्यापाऱ्यांनी आकाश, पाणी, जनावरं आणि झाडं आपसात वाटून घेतली आहेत, हे मात्र माहीत नव्हतं. हत्ती खुद्द किशनलालजींच्या दुकानाचा होता. कमळ, नांगर, शंख, तराजू, कापसाचं बोंड, मोर, विहीर, सगळ्यांना मालक होते. आणि हरकती खोट्याही नव्हत्या. नवा शिक्का जकात नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर बसणार होता. हमाल अक्षर वाचत नाही, मार्का बघून थप्पी लावतो. पालिकेचा हत्ती आणि किशनलालजींचा हत्ती एका पोत्यावर आले तर माल कोणाच्या गोदामात जाईल?

तीनच्या सुमारास उरलेली दोनही बाद झाली.

रविवारी सकाळी तो कचरूच्या छपराखाली जाऊन बसला. कचरू पत्र्यात मार्क्यांचे साचे कापून द्यायचा. अख्ख्या मोंढ्याचे मार्के त्याच्याच छिन्नीतून निघाले होते.

"तुम्हाला माहीत होतं ना सगळं? मंग आधी का न्हाई सांगितलं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"तुम्ही इचारलंच न्हाई, मास्तर. मला वाटलं, शिकलेला माणूस, काहीतरी हिशेब असंल."

मच्छिंद्रनं कंपास काढला आणि स्वतःच रेघा ओढायला सुरुवात केली. षटकोन काढला.

"घनसावंगीच्या आडतीचा. त्यांचा माल आपल्या मोंढ्यात येतो."

दोन वर्तुळं एकमेकांत अडकवली.

"पुखराजशेठच्या भावाचं."

वर्तुळात फुली काढली.

"हे कोणाचंच न्हाई," कचरू म्हणाला. मच्छिंद्रनं मान वर केली, तसा तो हसला. "सडक्या मालावर मारतेत."

सतरा आकृत्या झाल्या. ऊन छपराच्या कडेवरून आत सरकलं. कंपासाचं टोक मच्छिंद्रनं कागदात इतकं दाबलं, की ते खालच्या पाटात रुतलं. कचरूनं ते उपसून त्याच्या हातात दिलं.

तेव्हा मच्छिंद्रची नजर मागच्या भिंतीवर गेली. नवा साचा कापला, की कचरू पहिला ठसा भिंतीवर मारून बघायचा. भिंत काजळीच्या ठशांनी भरली होती. सवयीनं मच्छिंद्र मोजत गेला. एकशे बारा. त्यांतला एक वहीतल्या कोणत्याच हरकतीत आला नव्हता : पाणपोईचा रांजण, त्याच्या तोंडावर पालथं भांडं. चार रेघांचं काम. टिचभर केलं तरी ओळखू आलं असतं.

"हे कोणाचं?"

कचरूनं छिन्नी खाली ठेवली. "चंदनबाईंचं. बंद पडलं. त्याचं नाव नका काढू, मास्तर."

मग त्यानंच सगळं सांगितलं. पाच वर्षांखाली वैशाखात चंदनबाईंच्या नवऱ्याच्या कापूस गोदामाला आग लागली. तीन हमाल आत अडकले. दार बाहेरून कुलूपबंद होतं. पुढच्या वर्षी शेठही वारले, दुकान मिटलं. गावातलं कोणी सकाळी उठून रांजणाच्या मार्क्याचं नाव घेत नव्हतं.

मच्छिंद्रनं ऐकलं. तरीही तो उठला आणि थेट चंदनबाईंच्या घरी गेला. आणखी एखादा दिवस हातात असता तर आपण गेलो नसतो, असं त्याला वाटेत वाटलं, आणि ते खरंही होतं.

चंदनबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी त्याचं सगळं बोलणं सुपातून नजर न काढता ऐकलं.

"तीन माणसं गेली त्या मार्क्याखाली. कोणी सांगितलं की न्हाई?"

"सांगितलं, काकी."

"किल्ली आमच्या यांच्या कमरेला होती. हे आष्टीच्या बाजाराला गेल्ते. चोरी होते म्हणून कुलूप." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "तरी तुम्हाला पाहिजे?"

"माझी नोकरी त्यात आहे. गावासाठी मागतो म्हटलं तर ते खोटं होईल."

चंदनबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. मग आत गेल्या आणि जुन्या ओढणीत गुंडाळलेला साचा घेऊन आल्या. "हरकत न्हाई" असं त्यांनी व्यापाऱ्यांच्या महाजनी अक्षरांत त्याच्या वहीत लिहून दिलं.

"पुन्हा पोत्यावर दिसला तर कोणाला बरं वाटेल, कोणाला न्हाई, मला सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण परत आणू नका. घरात ठेवून मी थकले."

सोमवारी नगरपालिकेत किशनलालजींनी साच्याचा ठसा बराच वेळ पाहिला.

"चित्र बिलकुल साफ आहे," ते म्हणाले. "पण हमाल हात लावतील का?" त्यांनी मोंढ्याच्या हमालांचा मुकादम भुजंग याला बोलावलं.

पंचेचाळिशीतला भुजंग खांद्यावरचा पंचा काढून दारातच उभा राहिला. आगीत त्याचा धाकटा भाऊ गेला होता. त्यानं कागद हातात घेतला नाही, लांबूनच बघितला.

"मास्तर, हे तुम्ही काढलं?"

"काढलं नाही. निवडलं."

"पोतं पाठीवर घेतलं की मार्का इथं येतो," भुजंग मानेवर हात ठेवून म्हणाला. "आमचा राग न्हाई चंदनबाईंवर. त्या बाईनं आमच्यापेक्षा जास्त भोगलं असंल. पण माझी भावजय नाक्यावर झाडलोट करते. रोज हजार पोत्यांवर हेच बघायचं तिनं? नको. आमची हरकत हाये."

किशनलालजींनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. 

"मास्तर, चौथा नियम वाचा."

मच्छिंद्रला तो पाठ होता.

"हरकत मार्क्याच्या मालकाची. मालकीणबाईंनी लिहून दिलं आहे. हमालाची हरकत नियमात कुठं बसते? तुम्हीच तर लिहिलं." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्यांनाही चिन्ह पाहिजे होतं, आणि आता ते समोर होतं. "चार दिवस कुरकुर करतील, मग सवय होईल. उद्या सकाळच्या मोटारीनं पाठवून द्या. तुमचा कागद मी आत्ताच सही करतो."

त्यांनी खरोखरच टाक उचलला. नेमणुकीचा कागद टेबलावर होता. मच्छिंद्रला त्यावरचं स्वतःचं नाव उलटं दिसत होतं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. त्यानं मनातल्या मनात तो नियम पुन्हा तपासला, एखादं गणित तपासावं तसा, आणि कुठंही चूक सापडली नाही. फक्त नियम लिहिताना पोतं उचलणारा माणूस त्याच्या डोक्यात आलाच नव्हता.

"शेठजी, सही करू नका," तो म्हणाला. 

"का?"

"भुजंगची हरकत लिहून घ्यायची राहिली आहे."

किशनलालजींनी टाक दौतीत ठेवला. ते चिडले नाहीत, त्यामुळे जास्तच अवघड झालं. "मग तीस तारखेला मी काय कळवू?"

"एकही चित्र पात्र ठरलं नाही म्हणून कळवा. मी लिहून देतो."

"आणि शाळेत दुसरा माणूस लगेच मिळणार नाही. वर्ग बंद राहील. तेही तुम्हीच लिहून देणार?"

त्या नऊ पोरांपैकी दोन जण रोज चार कोस चालत यायचे. मच्छिंद्रच्या डोळ्यांसमोर ते दोघंच आले.  त्यानं टेबलावरची वही आणि शाईची गादी उचलली, आणि दार उघडून तो बाहेर आला.

भुजंग पायरीवर उकिडवा बसला होता. मच्छिंद्र त्याच्या शेजारी बसला आणि गुडघ्यावर वही उघडली.

"पुन्हा सांगा. सावकाश. तुम्ही बोलाल तसंच लिहितो."

भुजंगनं सांगितलं. मच्छिंद्रनं भावजयीचं नाव विचारलं, ते सोनूबाई होतं. नाका, झाडलोट, मान, सगळं त्यानं लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. एका जागी भुजंग म्हणाला, "राग न्हाई, हेबी लिहा." त्यानं तेही लिहिलं.

मग त्यानं शाईची गादी पुढं केली. भुजंगनं अंगठा वर धरला, पण टेकवला नाही.

"आतमधी काय बोलणं झालं, मास्तर? हे लिहिल्यानं तुमचं काही बिघडंल का?"

"बिघडेल," मच्छिंद्र म्हणाला. "अंगठा इथं, या रेघेखाली."