फूकची जागा

हाँगकाँगमध्ये माणसाची ओळख तो कुठे राहतो यावरून नव्हे, तर सकाळी कुठल्या चहाघरात बसतो यावरून ठरते, असं सिट याऊ-बाँगने आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं होतं. तो स्वतः सकाळी घरी उभ्या उभ्या पाकिटातली कॉफी प्यायचा.

पुस्तकाचं नाव होतं 'आपल्या माणसांची शंभर चहाघरं'. नव्याण्णव लिहून झाली होती. शंभरावं सोमवारी दुपारपर्यंत हवं होतं. "सिटसाहेब, इंटरनेटवर कुणालाही सापडत नाही असं काहीतरी द्या," प्रकाशनसंस्थेच्या माक बाईंनी फोनवर बजावलं होतं. "नाहीतर पुढचं पुस्तक मी त्या व्हिडिओवाल्याला देते. तो नूडल्ससमोर रडतो. लोकांना आवडतं."

चोपन्नाव्या वर्षी सिटला लिहिण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. रडणं तर नाहीच.

शुक्रवारी सकाळी सहाला तो साई यिंग पुन भागातल्या एका चढाच्या गल्लीत पोचला. पत्ता एका टॅक्सीवाल्याने दिला होता. खाली मयतासाठी जाळायच्या कागदी वस्तूंचं दुकान होतं. मालकीण डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या फराळाच्या, कागदी टोपल्यांना खळ लावत बसली होती.

"वर चाललात?"

"हो. जागा मिळेल ना?"

"मिळते," ती मान वर न करता म्हणाली. "कधी ना कधी."

तिसऱ्या मजल्यावर पाटी नव्हती. आत सगळी म्हातारी माणसं, वाफ, आणि एकाच्याही हातात फोन नाही. सिट हरखला. कोपऱ्यातल्या टेबलाशी एकच स्टूल रिकामं होतं. अनोळखी माणसाच्या टेबलाशी विचारून बसायचं, ही तर रीतच.

"इथे कुणी बसतं का, काका?"

समोरच्या म्हाताऱ्याने फक्त किटली उचलली आणि रिकाम्या स्टुलासमोरचा कप भरला. यापेक्षा मोठं आमंत्रण काय असतं? सिट बसला आणि सवयीने त्याची दोन बोटं टेबलावर वाजली, टक् टक्. चहा ओतणाऱ्याचे आभार असेच मानतात. तोंड उघडावं लागत नाही.

सगळ्या चहाघराच्या माना त्याच्याकडे वळल्या. टोपल्यांखालचं पाणी तेवढं उकळत राहिलं.

"उशीर केलास, फूक," म्हातारा म्हणाला.

"मी सिट. पहिल्यांदाच येतोय."

तेवढ्यात ढकलगाडी घेऊन वाढणारी मुईताई आली आणि तिने मुळ्याच्या वड्या आणि कोंबडीचे पाय त्याच्यापुढे आदळले.

"ताई, मी काही मागवलं नाही."

"बावीस वर्षांत कधी मागवलंस? आणि तो पाय आत घे. रोज माझी गाडी अडते."

सिटने खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय टेबलाबाहेर सरळ पसरला होता. आत घेऊ लागला, तर गुडघा वाकेना.

म्हाताऱ्याचं नाव गाम. त्याने शांतपणे उलगडा केला. "इथला कुणी गेला की एकोणपन्नास दिवस आम्ही त्याच्या नावाने कप भरतो. फूकचा आज सेहेचाळिसावा. आम्ही ओततो, बोटं कुणी वाजवत नाही. आज वाजली."

"अहो, चुकून!"

"चुकून का होईना, चहा स्वीकारलास. आता सोमवारपर्यंत तू फूक. वडी खा, गार होतेय."

एवढं साहित्य मिळाल्यावर घाबरण्यात वेळ घालवणं सिटला परवडणारं नव्हतं. लंगडत घरी येऊन त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर नुसत्या काड्या, चौकोन, ठिपके. वर्तमानपत्र उघडलं, त्यातही तेच. पेन घेतलं, तर हाताने दाबून दाबून एकच चिनी अक्षर काढलं: फूक.

शनिवारी त्याला गजराशिवाय जाग आली आणि तो थेट चहाघरात पोचला.

"काका, मला वाचता येईनासं झालंय!"

"फूकला तरी कुठे येत होतं? गोदीत हमाल होता. नाव तेवढं गिरवायचा."

रविवारी गामकाकाने एक विनोद सांगायला घेतला आणि सिट शेवटाच्या आधीच हसला. तो विनोद त्याने जन्मात ऐकला नव्हता. हसता हसता त्याच्या अंगावर काटा आला. दुसरीही एक गोष्ट लक्षात आली, ती जास्त बोचली: उशीर का झाला, हे त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सातला गामकाकाने कप पालथा घातला. "चल फूक. नीघ आता."

कुणीच उठलं नाही. दार मात्र उघडलं आणि लागलं. सिटचा गुडघा वाकला. भिंतीवरच्या कॅलेंडरावर अक्षरं उमटली.

"काका," तो घाईने म्हणाला, "मी दुपारपर्यंत तुमच्यावर लिहून देतो. शेकडो लोक येतील!"

"येतील. त्यांना बसवायचं कुठे?" गामकाका म्हणाला. "इथली जागा एकाच प्रकारे रिकामी होते."

कुणी मान वळवली नाही, पण सगळ्या टेबलांवरचे हात कपांवर थांबले. सिटने त्या हातांकडे पाहिलं. सगळे सुरकुतलेले, सगळे आपल्या टोकनाची वाट पाहत असल्यासारखे.

"आणि ही?" त्याने आपल्या स्टुलावर हात ठेवला.

"ही झाली ना रिकामी. काय खातोस? तू, फूक नव्हे."

नव्याण्णव चहाघरं पालथी घातलेल्या माणसाला आठवायला बराच वेळ लागला. "पेज," तो शेवटी म्हणाला. "आलं घालून."

"मुई, याला पेज! आणि ए, उद्या उशीर करू नकोस."

दुपारी त्याने माक बाईंना कळवलं की शंभरावं काही सापडलं नाही. पुढचं पुस्तक व्हिडिओवाल्याला मिळालं. शंभराव्या जागी माक बाईंनी विमानतळावरचं एक डिमसमचं दुकान टाकलं. तिथे मोबाइल चार्ज करता येतो.