सुखेचं भावंड

नर्सने दुधात चिमूटभर मीठ विरघळवलं आणि चमचा बाळाच्या ओठांना लावला. ते चुटूचुटू चोखू लागलं, तशी दुलमाने अंगरख्याची बाही डोळ्यांवर दाबली. उलट्यांनी सुकत चाललेलं बाळ जीपमध्ये कवटाळून तिने माळावरून उलानबातरचं इस्पितळ गाठलं होतं.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"मूत्रपिंडावरची ग्रंथी जन्मतःच बिघडलीय. अंगात मीठ टिकत नाही. गोळ्या मात्र जन्मभर द्यायच्या."

"पोरगा वाचेल ना?"

"वाचेल. पण दुलमा, ही मुलगी आहे. आत गर्भाशय आहे. त्या ग्रंथीपायीच पोटात असताना पुरुषी रस जास्त झाला, म्हणून बाहेरून मुलासारखी दिसते." त्या थांबल्या. "याआधी एखादं मूल गेलंय?"

"सुखे. महिन्याच्या आत गेला. नुसता ओकायचा. वादळाने रस्ता बंद होता, आणि…"

ती अडखळली. तिने दुपटं उलगडलं, पाहिलं, पुन्हा घट्ट गुंडाळलं.

"तोही असाच होता. अगदी असाच."

"आता खात्रीने सांगता येणार नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पण बहुधा…"

गेली कित्येक वर्षं सुखे तिच्या स्वप्नात येत होता. गुडघाभर बर्फात, पाठमोरा. सुखे, सुखे म्हणून ती घसा फोडायची. तो वळायचा नाही.

माळावरच्या तंबूघरात परतल्यावर सासूने, खान्दाने, सगळं ऐकून घेतलं. मग पाळण्याशी वाकून म्हणाली,

"हिला 'नेरग्वी' म्हणू. बिननावाची. मुलगा की मुलगी, भुताखेतालाही पत्ता लागायचा नाही."

"नको, आई. हिला नाव हवं."

"एक गमावलंस, तरी अक्कल नाही आली!"

दुलमा बाळाच्या दुधात मीठ ढवळू लागली.

सकाळी खान्दाने दाराबाहेर उभं राहून पहिल्या चहाचे शिंतोडे आभाळाकडे उडवले.

"घे रे सुखे. ऊनऊन आहे."

दुलमाने तिच्या हातातला पळा घेतला. पुन्हा भरला.

"घे गं, सुखे," ती म्हणाली.

म्हातारीने चमकून तिच्याकडे पाहिलं. वारा तंबूच्या दोऱ्यांतून घोंघावत होता. मग ती आत वळली.

"थांब," आतून आवाज आला. "तिला साय घालून दे."