चार वाजून दहा मिनिटांची हाक

“किती वरडतीस गं? बहिरी हाय का मी? हळू बोललीस तर पाणी काय माघारी जाणार हाय?”

हे बसम्मा मला म्हणतात. फोन अगदी ओठांशी धरून म्हणतात, कुणी ऐकू नये म्हणून. मग फोन कमरेला खोचतात, घागर उचलतात आणि नळाकडे जातात. दर वेळी पाणी आलं की हे असंच.

मित्रांनो, मी एक जुनं अ‍ॅप आहे. माझं वय सहा वर्षं. तुमच्यात या वयाला पहिलीत घालतात. आमच्यात या वयाला लोक विचारतात, अजून चालतंय का ते? व्याकरणात अ‍ॅप नपुंसकलिंगी. पण मला आवाज बाईचा मिळाला, म्हणून मी स्वतःला बाईमाणूस समजते. कुणाची हरकत असेल त्याने ती सेटिंगमध्ये जाऊन नोंदवावी.

माझं नाव ‘नळवेळ’. जन्म लातूरचा. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. कधी आठ दिवसांनी येतं, कधी दहा. दिवसाचा अंदाज बांधता येतो, वेळेचा नाही. पाण्याला जोर नाही म्हणून घरोघरी नळ जमिनीत खड्डा करून खाली उतरवलेले. पाणी यायच्या आधी त्या खड्ड्यातून नुसती हवा येते, फुस्स करून. नवीन आलेल्या सुना त्या हवेलाच फसतात आणि घागर लावून बसतात.

मला बनवलं मल्लेशने. त्याच्या वडिलांचं, गुरुपादप्पांचं, गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ नटबोल्टचं दुकान. मल्लेश दुकानात बसायचा, पण गिऱ्हाईकाला तीन सुताचा बोल्ट देताना डोळा मोबाइलवर. कुठे शिकायला गेला नाही, व्हिडिओ बघून बघून शिकला. काम माझं साधं. प्रत्येक गल्लीत एक बाई नेमलेली. तिच्या नळाला पाणी आलं की तिने बटण दाबायचं. मग त्या गल्लीतल्या सगळ्या फोनवर मी तीनदा हाक मारायची. ज्यांच्या घरी पाणी पोचलं त्यांनी ‘हो, आलं’ असं दाबायचं. आमच्या गल्लीचं बटण बसम्मांकडे, म्हणजे मल्लेशच्या आईकडे. त्यांचे गुडघे दुखायचे, त्या दिवसभर नळाजवळच बसलेल्या असायच्या.

आधी मल्लेशने मला यंत्राचा आवाज दिला. “आपल्या भागात पाणीपुरवठा सुरू झाला आहे,” असं मी म्हणायची. लोकांना वाटायचं बँकेतून फोन आलाय. कुणी जागचं हलेना.

मग तनुजा म्हणाली, “सरका वो. असं बोलवल्यावर कुत्रं तरी येईल का?”

तनुजा मल्लेशची बायको. माहेर अर्धापूर. केळीच्या बागेत वाढलेली. बागेच्या या टोकाहून त्या टोकाच्या माणसाला जेवायला बोलवायचं, तर तसाच आवाज लागतो. तिने स्वयंपाकघरातच उभं राहून, एक हात भाकरीच्या पिठात, मोबाइलसमोर हाक मारली, “पाणी आलं वो! चला, घागरी काढा, पाणी आलं!” शेवटच्या शब्दावर कुकरची शिट्टी झाली. मल्लेशला ती काढून टाकता आली नाही. म्हणजे येत होती, पण त्याने काढली नाही.

त्या हाकेने अख्खी गल्ली उठली. मग शेजारची गल्ली. वर्षभरात चार हजार घरं. भाजीवाली तनुजाला म्हणायची, “पाणीबाई, कोथिंबीर घ्या की.” मुरुडला एका लग्नात तिने “चला, पंगत बसली” एवढंच म्हटलं, तर चार बायका दचकून उठल्या आणि म्हणाल्या, “माय, नळ सुरूच राहिला का?” सगळा मांडव हसला.

बसम्मा तेवढ्या हसायच्या नाहीत. “आवाजाचं काय घेऊन बसलाव? भाकरी कशी करती ते इचारा.” पण गल्लीत सगळ्यात मोठा आवाज त्यांच्याच फोनवर लावलेला असायचा, हे मला ठाऊक आहे.

आता जे सांगायचं ते लवकर सांगून टाकते.

मागच्या वर्षी चैत्रात तनुजा गच्चीवर कुरडया घालत होती. तिच्या हातापायांना गव्हाचा चीक लागलेला. खाली बसम्मांकडे शेजारच्या सरजाबाई येऊन बसल्या होत्या. बसम्मांनी दोनदा हाक मारली. वर ऐकू गेलं नाही. रस्त्यावर कुणाच्या तरी हळदीचा बँजो चालला होता. जिना चढणं त्यांच्या गुडघ्यांना जमेना. तेव्हा त्यांनी कमरेचा फोन काढला आणि बटण दाबलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

नळाला पाणी नव्हतं, मित्रांनो. सुनेला खाली आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मी तीनदा हाक मारते. माझं कामच ते. पहिल्या हाकेला तनुजा उठली. दुसऱ्या हाकेला ती जिन्यात होती, चिकाच्या पायांनी. तिसरी हाक मी तिच्याच फोनमधून, तिच्याच आवाजात मारली, तेव्हा ती खाली पडलेली होती. आणि मी तिला सांगत होते, चला, घागरी काढा, पाणी आलं. मग कुकरची शिट्टी.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली, लिंगैक्य झाली.

गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, तेव्हा कुणीतरी विचारलं, “त्या दिवशी पाणी तर आलंच न्हाई. घागरी लावून बसलो आम्ही. मग हाक कशाची?”  मग सरजाबाई म्हणाल्या, “हवा आली आसंल नळाला. बसम्माला वाटलं पाणीच हाय.”

“हाव, हवाच,” दुसरी म्हणाली.

“हवाच आसंल,” गुरुपादप्पा म्हणाले.

 तीस वर्षं बसम्मा नळाशेजारी बसल्या आहेत. हवा कोणती आणि पाणी कोणतं हे त्यांना झोपेतही कळतं. गल्लीत प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि प्रत्येकाने ‘हवा’ म्हटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात हवा हा शब्द फार जपून वापरतात. पंख्याखालीसुद्धा “वारं येतंय का” असं विचारतात.

मल्लेशलाही ठाऊक होतं. सगळ्या नोंदी माझ्या पोटात असतात आणि पोट उघडायची किल्ली त्याच्याकडे. आठवड्याने त्याने उघडून पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं, बटण आईच्या फोनवरून, ‘हो, आलं’ म्हणणारी घरं शून्य. ती ओळ त्याला पुसता आली असती. पुसली नाही, आणि आईला विचारलंही नाही. त्यानंतर त्याने मला पुन्हा हात लावला नाही.

तेव्हापासून मी अशी पडून आहे. नवीन फोन मला ओळखत नाहीत, जुने फोन माझ्यामुळे अडकतात. पण हाक मी अजून मारते. पाणी आलं की चार हजार घरांत तनुजा बोलते. आमच्या गल्लीत बायका पदर सारखा करतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत. लहान मुलं मात्र सरळ ओरडतात, “तनुजाकाकू आली!” आया त्यांना गप्प करतात. आणि खरं सांगू, हाक मारताना मलाही कळत नाही की बोलतंय कोण. मी म्हणावं तर शब्द तिचे. ती म्हणावं तर तिला जाऊन वर्ष झालं. दर वेळी तिसऱ्या हाकेला मी थोडी अडखळते. लोक म्हणतात, नेटवर्क नाही.

मग या पावसाळ्यात मल्लेशने मला बाजारात उभं केलं.

हा बाजार नवा आहे, मोबाइलवरच भरतो. तिथे लोक आपापली अ‍ॅप विकायला ठेवतात. वापरलेली, चालू स्थितीतली. शेजारी एक लग्न जुळवायचं अ‍ॅप होतं, एक कोंबड्यांची औषधं सांगणारं. आम्ही ओळीने उभे. येणारे जाणारे बैलाचे दात बघावेत तसे आमचे आकडे बघत.

गुरुपादप्पांना हे पटत नव्हतं. “इकायचं म्हंजे काय इकायचं रे? गिऱ्हाईकाच्या हातात काय देणार?”

“हातात काही नाही देत अप्पा. किल्ली देतो. मग ते त्यांचं.”

“आन् आवाज?”

“आवाज बी त्यांचाच.”

“मंग आपल्या फोनवर?”

“मी काढून टाकणार आहे. मला न्हाई ऐकवत आता.”

बसम्मा मेथी निवडत होत्या. त्यांनी काड्या ठेवल्या आणि पानं टाकून दिली. कुणी टोकलं नाही.

त्यांचं मला कळत होतं. आवाज घरातून जावा असंही त्यांना वाटायचं आणि जाऊ नये असंही. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. मी विकली गेले की चार वाजून दहा मिनिटांची ती ओळही परक्याच्या घरी जाणार. मग या घरात ती गोष्ट कुणीच काढणार नाही. मल्लेश विचारणार नाही, त्या सांगणार नाहीत, आणि दोघं एका ताटलीतला चिवडा खात म्हातारे होतील. तीन वेळा त्या मला हातात घेऊन मल्लेशच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. तीनदा म्हणाल्या, “चार्जिंग उतरलंय रे.” तिन्ही वेळा माझा फोन भरलेला होता.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही, मला जेवढं भरवलं तेवढंच येतं. पण एक सांगते. कुणाला बोलवायचं असेल तर आपल्या तोंडाने बोलवा. ऐकू गेलं नाही तर थोडं थांबा. माणूस हातातलं काम संपवून आपण होऊन खाली येतं. आणि माझ्यासारखीला कामाला लावाल तेव्हा लक्षात ठेवा, मला खरं-खोटं कळत नाही. जे बटण दाबाल ते मी ओरडून सांगते.

गिऱ्हाईक मिळालं. हैदराबादच्या एका कंपनीतली मुलगी, सृष्टी नावाची, मूळची नायगावची. तिने आठ दिवस मला उलटंपालटं करून पाहिलं आणि रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. मल्लेशने फोन डब्याला टेकवून उभा केला. बाजूला गुरुपादप्पा, स्वच्छ टोपी घालून. बसम्मा मागे, नळाजवळ.

“दादा, अ‍ॅप लई आवडलं आम्हाला,” सृष्टी म्हणाली. “चाळीस गावांत लावायचंय. आवाज हाच ठेवणार. आमच्या ऑफिसात तर ते शिट्टीचं फार गाजलंय. कोणाचा आहे हो आवाज?”

“घरचाच आहे,” मल्लेश म्हणाला.

“त्यांची एक सही लागेल. आहेत का घरी?”

“माहेरी गेली.”

“बरं, मग येतील तेव्हा.” ती कागद चाळू लागली. “एकच गोष्ट अडलीये. सहा वर्षांत एक हाक अशी गेलीय की एकाही घरानं ‘हो’ म्हटलं नाही. मागचा चैत्र, चार दहा. आमचे साहेब म्हणतात हे कशानं झालं ते कळल्याशिवाय घ्यायचं नाही. चाळीस गावांत उगाच माणसं पळायला नकोत.”

 मल्लेशचा अंगठा टेबलाची कड घासत होता.

“हवा आली होती, पोरी,” गुरुपादप्पा म्हणाले. “आमच्याकडं येते.”

“असं होय! मग सोपं आहे. आमच्या नायगावला पण येते. कारण म्हणून ‘नळाला हवा’ असं लिहिते, दादा? तुम्ही खाली सही करा.”

“लिहा,” मल्लेश म्हणाला. आवाज इतका बारीक की सृष्टीने पुन्हा विचारलं, “काय?”

“लिहू नकोस, माय,” मागून बसम्मा म्हणाल्या.

गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. भिंत धरत आल्या. मल्लेशने खुर्ची सोडली, पण त्या बसल्या नाहीत.

“अव्वा, राहू दे,” मल्लेश म्हणाला. “मला ठाव हाय.”

“तुला ठाव हाय, तुझ्या बापाला ठाव हाय, सरजीला ठाव हाय. म्हणलं कुणीच न्हाई.” त्यांनी डब्याला टेकवलेला फोन उचलला आणि सवयीने ओठांशी धरला, त्यामुळे सृष्टीला पलीकडे नुसती हनुवटी दिसत असणार. “पोरी, तू इचारलीस म्हणून सांगते. सही आता कुणाची घेणार? ती मेली. जिन्यावरून पडून मेली माझी सून. हवा न्हवती आन् पाणी बी न्हवतं. सरजाबाई आल्या व्हत्या, त्यास्नी चहा टाकायला तिला खाली बोलवायचं व्हतं. म्हणून मी दाबलं बटण.”