निशिकांतची हुबेहूब बंदूक

माझ्या नवऱ्याने दोन वर्षं खपून एक बंदूक केली. ती उडत नाही. पण बाकी सगळ्या बाबतींत ती साडेतीनशे वर्षांपूर्वीची तोड्याची बंदूक आहे, असं तो म्हणतो. म्हणतो म्हणजे ऐकवतो. इथे परदेशात, आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटवर येणाऱ्या एकाही पाहुण्याची चहाबरोबर या माहितीतून सुटका झालेली नाही.

निशिकांत मरीन इंजिनिअर आहे. निम्मं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलंय, त्यामुळे सुताएवढा फरक त्याला सहन होत नाही. इथल्या आम्हा मराठी लोकांनी स्टेजवर एका खिंडीतली लढाई उभी करायची ठरवली. त्यात अकरा बंदूकधारी होते. प्रत्येकाने आपली बंदूक स्वतः आणायची, आणि ती त्या काळाला धरून आहे का, हे निशिकांतने तपासायचं. हे काम त्याला देणाऱ्यांना त्याच्याबरोबर एकदा भाजी आणायला पाठवायला हवं होतं.

पहिला बळी संजीव. संजीव ईस्ट कोस्टला राहतो, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि त्याला कोणी नाही म्हणायची सवय राहिलेली नाही. त्याने पितळेची नक्षी असलेली झोकदार बंदूक करून आणली होती. निशिकांतने ती मिनिटभर उलटीसुलटी करून पाहिली.

"ही चकमकीची आहे. आपल्याला तोड्याची हवी. जळत्या वातीची. आणि या स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह आहे."

"अरे, पन्नास फुटांवरून स्क्रूचं डोकं कोणाला दिसणार आहे?"

"मला," निशिकांत म्हणाला.

तेव्हापासून दोघांत बोलणं कमी आणि फोटो पाठवणं जास्त, असं सुरू झालं. आमच्याकडे शिसवी दस्ता आला, दारू ठासायचा लोखंडी गज आला. तोडा जुनाट दिसावा म्हणून सुती दोर चहाच्या पाण्यात उकळला, तोही माझ्या रोजच्या पातेल्यात. कायद्यात बसावी म्हणून नळी आतून भरीव ठेवली होती आणि रंजक, म्हणजे पेटवायची दारू, ठेवायच्या बाजूच्या वाटीला, कानाला, भोक पाडलेलं नव्हतं. त्या भोकाच्या जागी निशिकांतने बारीक ब्रशने काळा ठिपका काढला, आणि पुढचे दोन दिवस तो नीट जेवला नाही.

एवढं सगळं कशासाठी, तर एकदा, फक्त एकदा ती खांद्यावर टाकून लोकांसमोरून चालायचं होतं त्याला. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं. मी कितीही चिडचिड केली तरी हे मला माहीत होतं, आणि ते व्हावं असं मलाही मनापासून वाटत होतं.

खोटी असली तरी बंदूक ती बंदूक. हॉलमध्ये न्यायची तर सरकारी परवानगी लागते. मी एका वित्तसंस्थेत नियमपालन बघते, अठरा वर्षं. अकरा बंदुकांचे अकरा अर्ज मी भरले. अकरापैकी दहा जणांना परवानगी मिळाली, संजीवच्या झोकदार बंदुकीलासुद्धा. निशिकांतचा नंबर शेवटी होता. तपासणीला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी त्याला बजावलं, "विचारतील तेवढंच बोलायचं. 'हो' आणि 'नाही'. तिसरा शब्द नको."

अधिकारी क्वेक नावाचे, पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी बंदूक उचलली, नळीत टॉर्च मारला, काळ्या ठिपक्यावर नख घासलं.

"अंकल, धिस वन कॅन फायर ऑर नॉट?"

"नो."

"लूक लाइक वायांग प्रॉप, लाह. ओके, कॅन." आणि त्यांनी शिक्का उचलला.

वायांग म्हणजे इथली देवळापुढची चिनी नाटकं. त्यात भाले चंदेरी कागदाचे असतात. मी टेबलाखाली निशिकांतच्या पायावर पाय दाबून ठेवला होता, तो आणखी दाबला. उपयोग झाला नाही.

"प्रॉप नाही," तो इंग्रजीत म्हणाला, आणि मग जे सुरू झालं ते चाळीस मिनिटं चाललं. दस्त्याचा बाक तसाच का, चाप किती मागे यायला हवा, गजाचं टोक कसं घडवतात. क्वेकसाहेबांनी शिक्का खाली ठेवून पेन घेतलं. ते शांतपणे सगळं लिहून घेत होते. इतक्या आदराने आजवर कोणीच ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे निशिकांतला आणखीच चेव आला.

"सो, एक्झॅक्टली लाइक द रिअल वन?"

"एक्झॅक्टली," माझा नवरा म्हणाला.

"देन कॅनॉट, अंकल."

आठवड्याने पत्र आलं. सदर वस्तू घडण, साहित्य व स्वरूप या तिन्ही बाबतींत खऱ्या ऐतिहासिक बंदुकीशी इतकी मिळतीजुळती आहे, की ती सार्वजनिक ठिकाणी नेता येणार नाही. घरात कुलपात ठेवायला हरकत नाही. मी पत्र वाचून कपाळाला हात लावला. निशिकांतने ते तीनदा वाचलं, फ्रेम करायला टाकलं आणि त्याआधी त्याचा फोटो बंदूकधाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं, 'सरकारी तपासणीचा निकाल.'

त्याच दिवशी संध्याकाळी संजीवचा मला फोन आला.

"चित्रा, माझी परवानगी रद्द करून मिळेल का?"

"काय?"

"म्हणजे त्यांनी घाईत पास केली गं. नीट बघितलीच नाही. तू एक अपील लिहून दे ना."

दुसऱ्या दिवसापर्यंत असे सात फोन आले. ज्याच्या बंदुकीला परवानगी, त्याची बंदूक खेळणं, हे आता उघड होतं, आणि चारचौघांत खेळणं घेऊन उभं राहायला कोणी तयार नव्हतं. अठरा वर्षांच्या नोकरीत मिळालेली परवानगी काढून घ्या असा अर्ज मी कधी केला नव्हता. त्या आठवड्यात सात केले. क्वेकसाहेबांनी सगळ्यांची पुन्हा तपासणी केली, कारण अपील आलं की तपासणी करायची असा नियमच आहे. सहा जण नकारपत्रं घेऊन आनंदाने घरी गेले. संजीवच्या बंदुकीवर मात्र 'शोभेची वस्तू, हरकत नाही' असा शेरा पुन्हा पडला. माणूस इतका खचलेला मी पाहिला नव्हता. ज्यांनी अपील केलं नव्हतं त्या तिघांच्या बंदुका अचानक दुरुस्तीला गेल्या.

प्रयोग पुंगोलच्या एका हॉलमध्ये होता. दिग्दर्शन अनघाचं. ती शाळेत गणित शिकवते आणि तालमीही तशाच घेते. विंगेत अकरा रिकामे हात पाहून तिने शांतपणे विचारलं, "बंदुका?"

"नामंजूर," निशिकांत म्हणाला. त्याच्या आवाजातला अभिमान ऐकून मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. संजीवने आपली गाडीत विसरल्याचं सांगितलं. तो टॅक्सीने आला होता.

मी जाऊन प्रेक्षकांत बसले आणि पडदा वर गेला. शत्रूची तुकडी संकेतची होती. त्यांच्या तलवारी मुलांच्या वाढदिवसाच्या दुकानातल्या, फोमच्या, आणि त्याबद्दल त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. ते आरोळ्या देत खिंडीत घुसले. इथे आमच्या अकरा जणांनी बार काढायचे आणि त्यांनी पडायचं, असं ठरलं होतं. अकरा जण ओळीने उभे राहिले. बार काढायला काहीच नव्हतं. बंदुकीच्या आवाजाची ध्वनिफीत निशिकांतने तालमीतच बंद पाडली होती, आवाज नंतरच्या काळातल्या बंदुकीचा आहे म्हणून.

संकेत तलवार वर धरून थांबला. मग दबक्या आवाजात, पण पाचव्या रांगेतल्या मला ऐकू येईल इतक्या दबक्या आवाजात म्हणाला, "पडू का?"

"बंदूक नसताना कसे पडाल?" निशिकांत म्हणाला.

तेही खरंच होतं. शत्रूने जरा वाट पाहिली आणि आमच्या लोकांना बाजूला सारून तो खिंड ओलांडून गेला. साडेतीनशे वर्षांपूर्वी जिंकलेली लढाई आम्ही एका रविवारी दुपारी हरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही घरी आलो. निशिकांतने कपाटाचं कुलूप उघडलं आणि बंदूक मांडीवर घेऊन खुर्चीत बसला.

"क्वेकसाहेब नाटकातली म्हणाले, तेव्हा गप्प बसलो असतो तर?"

"तर आज तुझ्या खांद्यावर असती."

"पण लोकांनाही ती नाटकातलीच वाटली असती."

"हो."

त्याने दस्त्यावरून हात फिरवला. दोन वर्षं मी या बंदुकीला शिव्या घातल्या, पण त्या क्षणी मला त्याचं फार वाईट वाटलं. इतकं, की मी शत्रूच्या शिपायासारखी कंबरेला ओढणी बांधली, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "ऊठ. खांद्यावर घे. चालत ये."

तो उठला. बाल्कनीपासून सोफ्यापर्यंत छाती काढून चालत आला. थांबला, तोडा सरळ केला, बंदुकीच्या कानावरचं झाकण सरकवलं आणि नेम धरला. तोंडाने हळूच "ठो" म्हणाला. अकरा जणांसमोर पडायला तयार असलेली अख्खी तुकडी जे करू शकली नाही ते मी केलं. छातीवर हात ठेवला आणि दारातच धाडकन खाली पडले.

जरा वेळाने मी एक डोळा उघडला. निशिकांत बंदूक खाली करून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"चित्रा," तो म्हणाला, "या बंदुकीने माणूस लगेच नाही पडत. दोन पावलं पुढे येतो, मग पडतो."

मी उठले, आणि दोन पावलं पुढे गेले.